वाचकांचे प्रश्न : गाळप किती आणि उतारा किती?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे बास्केटबॉलच्या एकाच मुद्द्याभोवती फिरणारी असल्याने ती येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. उरलेल्या पत्रांचे बरेचसे काम त्यातच झाले असल्यामुळे वाचकांनी ते आधी वाचावे, ही विनंती.

प्रश्न : आमच्या मैदानावर संध्याकाळचा खेळ आटोपला की भडंगाच्या पुड्याभोवती एकच वाद रंगतो. आमच्यातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे ५०.४ गुणांची सरासरी राखणाऱ्या विल्ट चेंबरलेनच्या जवळपास कोणी येऊ शकत नाही. धाकटे म्हणतात की, स्टीफन करीने २०१५-१६ मध्ये ३०.१ च्या सरासरीने जे केले ते त्याहून अवघड होते. इतक्या वेगळ्या काळांतील खेळाडूंची गुण मिळवण्याची कार्यक्षमता ताडून पाहण्याची काही रास्त पद्धत आहे काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील दोन्ही बाजू दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत, म्हणून वाद मिटत नाही. साखर कारखान्यांच्या मुलखात हे समजावणे सोपे आहे. एखाद्या कारखान्याने हंगामात किती टन ऊस गाळला हा एक आकडा, आणि त्या उसातून साखरेचा उतारा किती टक्के पडला हा दुसरा. ज्येष्ठ मंडळी चेंबरलेनचे गाळप सांगत आहेत आणि धाकटे करीचा उतारा. साखरेची पोती मात्र दोहोंच्या गुणाकारातून भरतात.

प्रथम उतारा मोजायचा कसा ते पाहू. सर्वांच्या ओळखीचा आकडा म्हणजे फील्ड गोलची टक्केवारी, म्हणजे रिंगकडे फेकलेल्या चेंडूंपैकी किती आत गेले. या मापाने पाहिले तर आपले दोन्ही नायक अगदी शेजारी बसतात: चेंबरलेनने त्या हंगामात ३१५९ प्रयत्नांत १५९७ बास्केट केले, म्हणजे ५०.६ टक्के, करीने १५९८ प्रयत्नांत ८०५, म्हणजे ५०.४ टक्के. एवढ्यावरून दोघांची नेमबाजी सारखीच होती असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकेल. करीच्या ८०५ पैकी ४०२ बास्केट तीन गुणांच्या रेषेबाहेरून होते, म्हणजे त्यांना दोनऐवजी तीन गुण मिळाले, आणि चेंबरलेनच्या काळी एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत, ती रेषाच नव्हती. ती १९७९-८० च्या हंगामापासून आली. शिवाय या टक्केवारीत फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकीचा, हिशेबच नाही, आणि या दोघांमधील बरेच अंतर तेथेही आहे: करीने ४०० पैकी ३६३ फ्री थ्रो साधले, चेंबरलेनने १३६३ पैकी ८३५.

या दोन्ही उणिवा भरून काढणारे माप ट्रू शूटिंग या नावाने ओळखले जाते. त्यात खेळाडूने वापरलेल्या एकूण संधी आधी मोजतात: फील्ड गोलचे सारे प्रयत्न, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट. त्या संधींच्या दुपटीने एकूण गुणांना भागले की टक्केवारी मिळते. ५० टक्के म्हणजे दर संधीमागे बरोबर एक गुण. फ्री थ्रो बहुधा दोन-दोन मिळतात, तेव्हा एका फ्री थ्रोची किंमत अर्धी संधी धरायला हवी होती. पण बास्केट झाल्यावर वर मिळणारा जादा फ्री थ्रो किंवा तांत्रिक फाउलचा फ्री थ्रो यांमुळे संघाची संधी खर्च होत नाही, म्हणून अलीकडच्या सामन्यांच्या नोंदींवरून ०.४४ हा गुणक धरण्याची रीत पडली आहे. चेंबरलेनच्या काळचे फ्री थ्रोचे नियम वेगळे होते. काही प्रसंगी दोन फ्री थ्रो साधण्यासाठी तीन प्रयत्न मिळत, आणि ही सवलत १९८१ पर्यंत टिकली. जुन्या हंगामांना लावलेला ०.४४ चा गुणक त्यामुळे अदमासाचाच आहे, आणि त्या अदमासाची सर्वाधिक झळ सर्वाधिक फ्री थ्रो घेणाऱ्याला, म्हणजे खुद्द चेंबरलेनला, बसते. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

या मापाने चेंबरलेनचा १९६१-६२ चा उतारा ५३.६ टक्के येतो आणि करीचा २०१५-१६ चा ६६.९ टक्के. धाकट्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत, कारण खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. शासनाने उसाचा रास्त भाव ठरवताना जो मूळ उतारा धरला आहे, तो वर्षानुवर्षे एकच राहिलेला नाही. तो पूर्वी ९.५ टक्के होता, २०१८-१९ च्या हंगामापासून १० टक्के झाला आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. दहा टक्के उतारा चांगला की वाईट, याचे उत्तर त्या हंगामाचा पाया ठाऊक असल्याखेरीज देता येत नाही. बास्केटबॉलमध्येही असा पाया आहे. तो म्हणजे त्या हंगामातील साऱ्या संघांची मिळून आलेली ट्रू शूटिंग टक्केवारी. १९६१-६२ मध्ये ती ४७.९ होती, १९७१-७२ मध्ये ५०.४, १९८६-८७ मध्ये ५३.८, २०१५-१६ मध्ये ५४.१ आणि २०२२-२३ मध्ये ५८.१. म्हणजे ज्या ५३.६ ला आपण आज सुमार म्हणू, तो आकडा चेंबरलेनच्या काळी सरासरीच्या ५.७ टक्के (५३.६ वजा ४७.९) वर होता.

पाया असा खाली का होता, यावर थोडे थांबावे लागेल, कारण जुन्या खेळाडूंना नेम साधत नसे अशी एक सरसकट समजूत असते. १९६१-६२ मध्ये एकेक संघ सामन्यामागे १०७.७ वेळा रिंगकडे फेकत असे; २०१५-१६ मध्ये हाच आकडा ८४.६ होता. इतक्या धावपळीत चांगली जागा मिळेपर्यंत चेंडू फिरवत बसण्याची रीत नव्हती, मिळेल तेथून फेक होत असे. तीन गुणांची रेषा नसल्यामुळे बचाव करणाऱ्यांना दूर उभ्या असलेल्या खेळाडूकडे धावून जाण्याचे फारसे कारण नसे आणि सारी गर्दी रिंगखालीच राही. ड्रिबल करताना हात चेंडूच्या खाली गेला की पंच शिट्टी फुंकत; आजच्या गार्डना ती मोकळीक पुष्कळ आहे. उलट बाजूने २४ सेकंदांच्या घड्याळाने, म्हणजे तेवढ्या वेळात रिंगकडे फेकलेच पाहिजे या नियमाने, खेळ आधीच खूप मोकळा केला होता. ते १९५४-५५ मध्ये आले, आणि त्या एका वर्षात संघांची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. त्यापूर्वी, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९ विरुद्ध १८ गुणांनी हरवले होते. त्या काळातील लेकर्सचा नामांकित खेळाडू जॉर्ज मायकन याचे आकडे आजच्या कोणाशेजारी ठेवणे म्हणजे मोटेच्या पाण्याची विजेच्या पंपाशी तुलना करण्यासारखे आहे.

आता पाया वजा करून पाहू. चेंबरलेन सरासरीच्या ५.७ टक्के वर, करी १२.८ टक्के वर. उताऱ्यात करी दुपटीहून पुढे आहे, आणि काळाची सूट दिल्यानंतरही पुढे आहे. अनेकांना हे खटकते, पण चेंबरलेनचा हंगाम त्या वर्षीदेखील सर्वांत कार्यक्षम हंगाम नव्हता. त्याच १९६१-६२ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुणांची सरासरी ५५.४ टक्के ट्रू शूटिंगने साधली. तेच संघ, तेच नियम, तीच मैदाने, आणि रॉबर्टसन सरासरीच्या ७.५ टक्के वर. त्याचे नाव त्या हंगामाच्या संदर्भात निघते ते गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू) आणि असिस्ट (बास्केटसाठी सहकाऱ्याला दिलेला चेंडू) या तिन्हींत दोन आकडी सरासरी राखल्याबद्दल; त्याच्या नेमबाजीची ही बाजू त्या कौतुकाखाली दबून गेली आहे, असे माझे जुने गाऱ्हाणे आहे.

येथे ज्येष्ठ मंडळी म्हणतील की, सामन्यामागे ३९.५ वेळा फेकणाऱ्याची तुलना २० वेळा फेकणाऱ्याशी कशी करता? हा आक्षेप रास्त आहे. पहिल्या दहा फेकी मनासारख्या मिळतात. तिसावी फेक अंगावर दोघे-तिघे असताना घ्यावी लागते. म्हणून गाळप आणि उतारा यांचा गुणाकार करून पाहिला पाहिजे, आणि त्याची रीत अशी की, त्या खेळाडूने वापरलेल्या संधी त्याच हंगामातील सरासरी नेमबाजाच्या हाती दिल्या असत्या तर किती गुण झाले असते ते काढायचे आणि प्रत्यक्ष गुणांतून वजा करायचे. चेंबरलेनने सुमारे ३७५९ संधी वापरल्या. सरासरी नेमबाजाने त्यांतून सुमारे ३६०० गुण केले असते. त्याने ४०२९ केले. शिलकीत राहिले सुमारे ४३० गुण. करीने केवळ १७७४ संधी वापरल्या. सरासरीने त्यांचे सुमारे १९२० गुण झाले असते, त्याने २३७५ केले. शिल्लक सुमारे ४५५. रॉबर्टसनची शिल्लक ३३० च्या आसपास येते, म्हणजे उतारा चेंबरलेनहून चांगला असूनही गाळप कमी पडल्यामुळे तो मागे राहतो.

या हिशेबात आणखी एका खेळाडूला आणल्याशिवाय मला राहवत नाही, कारण आपल्या मैदानावरच्या वादात त्याचे नाव नसावे याचे मला आश्चर्य वाटले. करीम अब्दुल-जब्बारने १९७१-७२ मध्ये मिलवॉकी बक्सकडून खेळताना ८१ सामन्यांत २८२२ गुण केले, सरासरी ३४.८. त्याचे ट्रू शूटिंग ६०.३ टक्के होते आणि त्या हंगामाचा पाया ५०.४, म्हणजे अंतर जवळजवळ दहा टक्क्यांचे. शिल्लक सुमारे ४६० गुण. त्याच्या हाती तीन गुणांची फेक नव्हती. होती ती एका हाताने डोक्यावरून वळवून सोडलेली हुक. चेंबरलेन, अब्दुल-जब्बार आणि करी या तीन पिढ्यांच्या, तीन निराळ्या शरीरयष्टींच्या, तीन निराळ्या जागांवरून नेम साधणाऱ्या माणसांची शिल्लक ४३० ते ४६० या तीस गुणांच्या पट्ट्यात येते, हे मला या साऱ्या आकडेमोडीतील सर्वांत विलक्षण वाटते.

तरीही बरोबरी म्हणून मी निकाल देणार नाही. चेंबरलेन त्या हंगामात सामन्यामागे ४८.५ मिनिटे मैदानावर होता. सामना ४८ मिनिटांचा असताना हे घडले, कारण जादा वेळेतही तो बाहेर बसला नाही. अब्दुल-जब्बार ४४.२ मिनिटे खेळला, करी ३४.२. जवळपास तीच शिल्लक करीने सर्वांत कमी वेळात आणि सर्वांत संथ लयीच्या खेळात उभी केली. तेव्हा दर मिनिटाच्या कार्यक्षमतेत करीला पहिला क्रमांक द्यावा लागेल, आणि ‘माझ्या संघासाठी मला कोणाचा अख्खा हंगाम हवा’ असे विचारले तर मी अब्दुल-जब्बारचा मागेन. मात्र एक गोष्ट त्याच्या विरुद्ध नोंदवली पाहिजे: १९७१-७२ मध्ये एबीए ही दुसरी संघटना स्वतंत्रपणे सामने भरवत होती आणि चांगले खेळाडू दोन्हीकडे विभागलेले होते, त्यामुळे ज्या सरासरीशी त्याला आपण ताडतो ती थोडी सवंग असू शकते. चेंबरलेनच्या वेळी उलट स्थिती होती. साऱ्या एनबीएत नऊच संघ होते आणि त्यांत जागा मिळवणेच कठीण होते. हे दोन मुद्दे आकड्यांत बसवण्याची खात्रीची रीत नाही.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हे परके वाटू नये. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांची ३० कसोटी सामन्यांतील सरासरी ४७.६५ आहे. उघड्या खेळपट्ट्यांवर, हेल्मेटशिवाय काढलेल्या त्या धावा आजच्या ४७ च्या सरासरीशेजारी ठेवून ‘दोघे सारखेच’ असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. हाच विवेक बास्केटबॉलमध्येही चालवायचा आहे.

प्रश्न : १९७२-७३ च्या हंगामात चेंबरलेनची फील्ड गोलची टक्केवारी ७२.७ होती असे वाचनात आले. असे असताना त्यालाच सर्वकाळचा सर्वांत कार्यक्षम खेळाडू का मानू नये?
— एक वाचक, मिरज

उत्तर : त्या हंगामात चेंबरलेनने ५८६ फेकींपैकी ४२६ साधल्या, हे खरे आहे, परंतु ८२ सामन्यांत ५८६ म्हणजे सामन्यामागे सात फेकी. तो कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षात होता, सहकाऱ्यांनी रिंगखाली आणून दिलेला चेंडू आत टाकणे हे त्याचे काम उरले होते, आणि सरासरी १३.२ गुणांची होती. उतारा उत्तम, गाळप अगदी थोडे. अशा खेळाडूचा संघाला मोठा उपयोग असतो, पण त्याची तुलना साऱ्या संघाचे आक्रमण खांद्यावर घेणाऱ्यांशी करता येत नाही.

आपल्याला चेंबरलेनची बाजू मांडायचीच असेल तर १९६६-६७ चा हंगाम घ्यावा, असे मी सुचवीन. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या नव्या संघात त्याने फेकी १९६१-६२ च्या निम्म्याहून कमी केल्या, सहकाऱ्यांना चेंडू देऊ लागला, ११५० पैकी ७८५ फेकी साधल्या, म्हणजे ६८.३ टक्के, आणि सरासरी २४.१ वर आणली. ट्रू शूटिंग ६३.७ टक्के, हंगामाचा पाया ४९.३, अंतर चौदा टक्क्यांहून अधिक. वर सांगितलेल्या रीतीने काढलेली शिल्लक सुमारे ४४० गुण येते, म्हणजे ५०.४ च्या गाजलेल्या हंगामाहूनही थोडी अधिक, तीही निम्म्याहून कमी संधींत. त्या संघाने ६८ सामने जिंकले, १३ हरले आणि विजेतेपद मिळवले. चेंबरलेनचा सर्वोत्तम हंगाम कोणता असे मला विचारले तर मी हाच सांगतो, आणि बहुतेक वेळा ऐकणारा निराश होतो, कारण त्याला पन्नासचा आकडा ऐकायचा असतो.

आणि हे सारे त्याने फ्री थ्रोमध्ये हात बांधल्यासारखा खेळून केले! त्या वर्षी ८७५ पैकी केवळ ३८६ फ्री थ्रो आत गेले, म्हणजे ४४.१ टक्के. १९६१-६२ मध्ये त्याने ६१.३ टक्के साधले होते. तेवढेच जमले असते तर आणखी १५० गुण झाले असते. फरक कशाने पडला, तर १९६१-६२ मध्ये तो दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांजवळून वर सोडून फ्री थ्रो घेत असे. २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे न्यूयॉर्कविरुद्ध त्याने शंभर गुण केले, तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो याच पद्धतीने साधले होते. पुढे त्याने ती पद्धत सोडली, आणि तशी फेक करताना आपण हास्यास्पद दिसतो असे वाटत असल्याचे नंतर स्वतःच कबूल केले. रिक बॅरी या दुसऱ्या खेळाडूने मात्र लोकांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करून तशाच फेकीने कारकिर्दभर सुमारे ९० टक्के फ्री थ्रो साधले.

प्रश्न : मायकेल जॉर्डनचा सर्वोत्तम हंगाम म्हणजे ३७.१ सरासरीचा १९८६-८७ चा हंगाम, हे आकड्यांच्या कसोटीवर टिकते काय?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : गुणांच्या दृष्टीने टिकते, कार्यक्षमतेच्या दृष्टीने टिकत नाही. त्या हंगामात जॉर्डनने ३०४१ गुण केले खरे, पण ट्रू शूटिंग ५६.२ टक्के होते आणि पाया ५३.८, सरासरी नेमबाजाहून शिल्लक सुमारे १३० गुणांची. संघ ४० सामने जिंकून ४२ हरला होता, दुसरे कोणी गुण करणारे जवळ नव्हते, आणि सर्व ओझे एकट्याने वाहताना उतारा घसरणारच, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. दोनच वर्षांनी, १९८८-८९ मध्ये, त्याची सरासरी ३२.५ वर उतरली आणि ट्रू शूटिंग ६१.४ टक्क्यांवर चढले. शिल्लक सुमारे ३३०. माझ्या मते नेमबाज म्हणून जॉर्डनचा तोच हंगाम श्रेष्ठ आहे.

त्याच्या दूरच्या नेमबाजीविषयी बोलताना एक सावधगिरी बाळगावी. १९९५-९६ मध्ये त्याने तीन गुणांच्या ४२.७ टक्के फेकी साधल्या, हे त्याचे चाहते आवर्जून सांगतात. १९९४-९५ पासून तीन हंगाम एनबीएने ती रेषा २३ फूट ९ इंचांवरून सरसकट २२ फुटांवर आणली होती. रेषा १९९७-९८ मध्ये मागे गेली आणि त्याची टक्केवारी २३.८ वर आली. वयही वाढले होते, पण सारा दोष वयाला देता येणार नाही.

१९८० च्या दशकातील एक विसरलेले नाव जाता जाता सांगतो. युटाच्या एड्रियन डँटलीने १९८३-८४ मध्ये ३०.६ ची सरासरी ६५.२ टक्के ट्रू शूटिंगने राखली, तीही वर्षभरात तीन गुणांचा एकच बास्केट करून. त्याने ८१३ फ्री थ्रो साधले. जॉर्डनच्या कोणत्याही हंगामाहून हा उतारा सरस आहे, आणि तरीही डँटलीला कोणी जॉर्डनच्या पंक्तीत बसवत नाही. ते योग्यच आहे, कारण बचाव, चेंडू पुरवणे आणि सहकाऱ्यांसाठी जागा मोकळी करणे यांतील काहीच या मापात येत नाही.

प्रश्न : चेंबरलेन आज खेळला असता तर त्याची सरासरी किती झाली असती?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : या रीतीने त्याचे उत्तर निघत नाही. खेळाडू आपल्या समकालीनांहून किती सरस होता एवढेच ती सांगते. त्याचा ५३.६ चा आकडा २०१५-१६ च्या पायाच्या प्रमाणात वाढवला तर सुमारे ६०.५ येतो, परंतु आज कोणताही प्रशिक्षक त्याला ४८ मिनिटे खेळवणार नाही, आणि त्याने तीन गुणांच्या फेकीचा सराव केला असता की नाही हे ज्याने-त्याने आपल्या आवडीप्रमाणे ठरवावे. वाद घालायला विषय चांगला आहे. आकडेमोड मात्र त्यात ओढू नये. चेंडू किती वेळा गमावला याची वैयक्तिक नोंद एनबीएत १९७७-७८ पासूनच आहे, त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या पूर्ण कार्यक्षमतेचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या काळापुरतादेखील अपुरा राहतो.

प्रश्न : मी मुलींच्या महाविद्यालयीन संघाला शिकवते. आमच्या मुलींची अशी कार्यक्षमता काढण्यासाठी मी गेल्या वर्षीच्या स्पर्धांच्या गुणपत्रिका जमवल्या, पण त्यांवरून काहीच जमेना. माझे कोठे चुकते आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले काही चुकत नाही, आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या गुणपत्रिकेत साधलेले गुण आणि फाउल नोंदवले जातात, हुकलेल्या फेकी नोंदवल्याच जात नाहीत. टक्केवारीचा छेद त्या कागदावर नसतो. म्हणून सामन्याच्या वेळी बाकावरील एका मुलीला वही देऊन बसवावे लागेल. प्रत्येक खेळाडूसाठी चार रकाने पुरतात: दोन गुणांच्या फेकी, तीन गुणांच्या फेकी, फ्री थ्रो, आणि गमावलेले चेंडू. पहिल्या तीन रकान्यांत आत गेलेल्या फेकीला उभी रेघ आणि हुकलेल्या फेकीला फुली करावी, शेवटच्या रकान्यात दर वेळी एक रेघ. हे काम जिला खेळ नीट कळतो अशाच मुलीला द्यावे. नव्या मुलीकडे वही दिली की ती बास्केट झाल्यावर टाळ्या वाजवण्यात रमते आणि फुल्या राहून जातात, असा माझा अनुभव आहे.

समजा, एका मुलीने १४ फेकी आणि ६ फ्री थ्रो घेऊन १८ गुण केले. तिच्या संधी १४ अधिक २.६४, म्हणजे १६.६४; दुप्पट ३३.२८, ट्रू शूटिंग ५४.१ टक्के. दुसरीने २५ फेकी आणि ८ फ्री थ्रो घेऊन २४ गुण केले, तर तिचे ४२.१ टक्के येतात. बक्षीस बहुधा दुसरीला मिळते. यावरून दुसरीला लगेच बोल लावू नका. बाकीच्या चौघी चेंडू हातात आला की तो तिच्याकडेच ढकलत असतील तर दोष वाटणीचा आहे. पाया म्हणून एनबीएची सरासरी धरू नये. आपल्या गटातील सर्व सामन्यांत दोन्ही संघांची वही ठेवावी आणि त्यांची मिळून जी टक्केवारी येईल तिच्याशी आपल्या मुलींना ताडावे. पाच-सहा सामने झाल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विसंबू नये, कारण एका सामन्यात दोन फेकी रिंगवरून फिरून बाहेर आल्या तरी टक्केवारी पार बदलते.

वही धरणाऱ्या मुलीला एक नियम मात्र आधीच नीट समजावून द्यावा: फेक करताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर ती फेक प्रयत्नांत धरायची नाही, केवळ फ्री थ्रोच्या रकान्यात जायचे; आणि फाउल होऊनही चेंडू आत गेला, तर फेकही धरायची आणि वर मिळालेला एक फ्री थ्रोही.